कोकणातल्या अंगणातलं पिवळं फूल

यंदा उन्हाळ्यात आम्ही कपाशी पिकवणारे नवराबायको देवळीहून गाडी घेऊन कोकणात गेलो. समुद्राकाठच्या रस्त्यानं बायको तिथली झाडं ओळखत होती अन् मी प्रत्येक नावावर शंका घेत होतो. मुक्कामाच्या घरी अंगणात एक उंच झाड होतं, फुलं मात्र हुबेहूब कपाशीची. घरमालकीण म्हणाली, "ही भेंडी. तुमच्या कपाशीच्याच नात्यातली."

मी बायकोला हळूच म्हटलं, "बाई आपल्याले येडं बनवून राह्यली. भेंडीची तं भाजी होते."

खालच्या फांदीवर एक फूल गच्च मिटलेलं होतं. शेतात असं फूल दिसलं की आम्ही फोडूनच पाहतो. फोडलं. आत आमच्या कपाशीचं वाटोळं करणारी, कपाशीच्या गोताबाहेर सहसा तोंड न लावणारी गुलाबी बोंडअळी वळवळत होती.

बाईवर न बसलेला विश्वास अळीवर लगेच बसला.