मेहरबाई हयात आहेत

जालना जिल्ह्यातल्या लिहित्या मित्रांनो आणि मैत्रिणींनो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी एक पत्र जपून ठेवलेलं आहे. ‘आपले साहित्य मिळाले. विचार चालू आहे.’ पत्राचा कागद पिवळा पडला, तरी विचार अजून चालूच आहे. आपली कथा कुठल्या तरी मोठ्या शहरातल्या मंडळाच्या कपाटात पडून असते. चौकशीला गेलं की तिथला माणूस मान वर न करता म्हणतो, ‘जालन्याहून का? बसा.’ आणि आपण बसतो. वर्षानुवर्षं बसतो. मेहरबाई बसल्या नाहीत. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात मी त्यांचा गौरव करायला निघालो आहे, पण या लेखात मला एक कबुलीही द्यायची आहे. ती गोड नाही.

मेहरुन्निसा सय्यद, म्हणजेच मेहरबाई. घरात उर्दू, शाळेत मराठी, आणि दोन्हींत तितक्याच स्पष्ट. तीर्थपुरीजवळच्या शाळेत मी नवा शिक्षक म्हणून रुजू झालो, तेव्हा त्या सातवीच्या वर्गशिक्षिका होत्या. शिक्षकदिनाला मी स्त्रीशिक्षणावर दणदणीत भाषण ठोकलं. टाळ्या झाल्या. मी खाली उतरलो तशा बाई जवळ आल्या.

“सर, गळा चांगला आहे तुमचा. समोर सातवीच्या पोरी किती होत्या, पाह्यलं का?”

“नाही, बाई.”

“एकबी नव्हती. चला माझ्यासंगं.”

त्यांनी हजेरीपट पिशवीत टाकला आणि मला दोन मैल चालवत बियाण्याच्या कपाशीच्या प्लॉटवर नेलं. आपल्याकडे हे काम कसं चालतं, ते तुम्हाला माहीत आहे. संध्याकाळी कळी नखानं सोलायची, सकाळी दुसऱ्या झाडाचं फूल तिच्यावर घासायचं आणि देठाला लाल दोरा बांधायचा. या कामाला लहान बोटं बरी पडतात. म्हणून भादव्यात आमचे वर्ग ओस आणि प्लॉट भरलेले. बाई बांधावर उभ्या राहिल्या आणि त्यांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. कपाशीतून एकेक आवाज येऊ लागला, “हजर!” “हजर, बाई!”

मुकादम हसला. “बाई, शाळाच उचलून आनली का वावरात? मंग आमच्या मजुरायला बी खडू द्या.”

“खडू देते की. तुम्ही सही कधी शिकून राह्यले, तेवढं सांगा.”

पोरी खदखदून हसल्या. सगळ्यांत मोठ्यानं हसली ती चंद्रकला. ती कपाशीतून डोकं वर काढून म्हणाली, “बाई, रोज इथंच घ्या ना हजेरी. शाळंपरीस इथं आवाज चांगला येतो.”

त्या दिवसापासून बाई रोज शाळा सुटल्यावर प्लॉटवर जाऊ लागल्या. बांधावर बसून अर्धा तास शिकवायच्या, हजेरी घ्यायच्या आणि परतायच्या. एके सकाळी त्या प्लॉटवर फवारणी झाली, आणि वास विरायच्या आत पोरींना आत घातलं. दुपारी चंद्रकला ओकू लागली. जालन्याला पोचायच्या आधीच जीपमध्ये तिचा जीव गेला. कागदावर ‘ताप’ असं लिहिलं गेलं. गाव गप्प राहिलं. मीही गप्प राहिलो. गळा चांगला असून काय उपयोग?

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गात हजेरी घेतली आणि चंद्रकलाचं नाव पुकारलं. त्या थोडं थांबल्या आणि पुढच्या नावाकडे वळल्या. वर्ष संपेपर्यंत त्या रोज ते नाव पुकारत राहिल्या. मुख्याध्यापकांनी हटकलं तेव्हा म्हणाल्या, “सर, तिचं नाव मी कमी केलेलं न्हाई. ज्यानं केलं, त्याला विचारा.” दर रविवारी त्या चंद्रकलाच्या घरी जायच्या आणि तिच्या धाकट्या बहिणीला, रुक्मिणीला, शिकवायच्या. रुक्मिणी आज जालन्यात परिचारिका आहे.

त्या उन्हाळ्यात बाईंनी ‘हजर’ ही कथा लिहिली. आयुष्यात त्यांनी लिहिलेली ही एकच कथा. तिच्यात मुलीचं नाव खरं, गावाचं नाव खरं आणि फवारणीही खरी. एका मंडळाच्या कथासंग्रहासाठी ती स्वीकारली गेली. आम्ही पेढे वाटले. मग पत्र आलं, ‘गावाचे व मुलीचे नाव बदलावे. बियाण्याच्या प्लॉटऐवजी नुसते शेत म्हणावे.’ संग्रहाला देणगी देणारे गृहस्थ बियाण्याच्या धंद्यातले होते, हे आम्हाला नंतर कळलं. बाईंनी कार्डावर एकच ओळ लिहिली, ‘कथा आहे तशी छापावी, नाहीतर परत करावी.’ मंडळानं छापली नाही आणि परतही केली नाही. संग्रह लांबत गेला. संपादक बदलले. बाई दर वर्षी जूनमध्ये तीच ओळ लिहून कार्ड टाकत राहिल्या. अशी सोळा वर्षं गेली.

मी म्हणालो, “बाई, दुसरीकडं देऊ ना.” त्या म्हणाल्या, “एकदा दिलेलं अक्षर मी दोन दारी फिरवत न्हाई. आणि गप्प बसले तर त्यांना सोपं जाईल.”

दरम्यान बाई निवृत्त होऊन जालन्यात मस्तगडला राहायला आल्या. काचबिंदूनं त्यांची नजर अरुंद होत चालली होती. त्यांची एकच इच्छा होती, चंद्रकलाचं नाव छापलेलं स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं. ती नजर फार तर वर्षभर टिकेल, असा डॉक्टरांचा अंदाज होता.

आता माझी कबुली. एका साहित्य मेळाव्यात मी बोलायला उभा राहिलो. अशा मेळाव्यांची सुरुवात दिवंगतांच्या श्रद्धांजलीनं होते, ते तुम्ही जाणता. मी संतापलेलो होतो. म्हणालो, “आणखी दोन मिनिटं उभे राहा. मंडळाच्या कपाटात मेलेल्या मेहरबाईंच्या कथेसाठी.” सभागृह उभं राहिलं. मला फार समाधान वाटलं. एक वार्ताहर नेमका तेवढ्यात आत आला. दुसऱ्या दिवशी बातमी आली, ‘ज्येष्ठ कथालेखिका मेहरुन्निसा सय्यद यांना श्रद्धांजली.’ खाली माझं नाव होतं आणि माझ्या भाषणाचं कौतुक होतं. मी ती बातमी वाचली. हसलो. कात्रण फायलीत लावलं. खुलासा मात्र पाठवला नाही. उद्या पाठवू म्हणालो, आणि तो उद्या आलाच नाही.

मस्तगडला दोन ओळखीच्या बायका समाचाराला आल्या. दार खुद्द बाईंनीच उघडलं. त्यांतली एक किंचाळलीच, “या अल्ला! आप?” बाई म्हणाल्या, “आओ, बैठो. मैय्यत को अभी देर है, चाय पीके जाओ.” हा किस्सा त्यांनी मला हसत हसत सांगितला. मीही हसलो. तीच बातमी मंडळाकडेही पोचली असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

चार महिन्यांत संग्रह निघाला. सोळा वर्षं अडलेलं पुस्तक चार महिन्यांत! आणि ‘हजर’ जशीच्या तशी, एक अक्षरही न बदलता. जिवंत बाईची कथा छापायची तर तिच्याशी भांडावं लागतं. मेलेल्या बाईला हार घातला की काम भागतं. एव्हाना देणगीदारही दुसरे होते.

पुस्तक घेऊन मी धावत मस्तगडला गेलो. रुक्मिणी बाईंच्या डोळ्यांत थेंब घालत होती, पण त्या डोळ्यांना आता खिडकीचा उजेडच तेवढा कळत होता. बाईंनी पान हातात घेतलं, बोटं फिरवली, आणि माझ्याकडे दिलं. “वाचा, सर.”

मी कथेचं नाव वाचलं. मग लेखिकेचं नाव वाचताना अडखळलो.

“काय गाळलं?”

“काही नाही, बाई.”

“सर, तीस वर्षं पोरायचं वाचन घेतलंय मी. काय गाळलं?”

मी वाचलं, “कै. मेहरुन्निसा सय्यद.”

रुक्मिणीच्या हातातली बाटली तशीच राहिली. बाई आधी हसल्या. “मारायचंच होतं तर मरहूमा तरी लिहायचं. मला कुठं कैलासाला धाडून राह्यले!” मी सगळं सांगून टाकलं. मेळावा, दोन मिनिटं, कात्रण, न पाठवलेला खुलासा. त्यांनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, आणि तेच मला अजून सलतं.

“चंद्रकलाचं नाव बराबर छापलंय?”

“हो, बाई.”

“गावाचं?”

“तेबी.”

“मंग राहू द्या माझं. नोव्हेंबरात बँकेला हयातीचा दाखला देतेच मी. मंडळाला कुठं देत बसू?”

रुक्मिणीनं बहिणीच्या नावावर बोट ठेवलं आणि ते नाव मोठ्यानं वाचलं. वर्गात या नावानंतर बाई नुसत्या थांबायच्या; आज हळूच म्हणाल्या, “हजर.”

मित्रांनो, बाईंनी ‘राहू द्या’ म्हटलं, पण ते राहू देण्याचा हक्क आपल्याला नाही. मला तर नाहीच नाही. आज त्या पंचाहत्तर वर्षांच्या आहेत. अजून मस्तगडला शेजारच्या पोरींना तोंडी पाढे शिकवतात आणि चहात साखर कमी पडली की भांडतात. पुढच्या नोव्हेंबरात आणि त्यापुढच्या अनेक नोव्हेंबरांत त्यांनी रुक्मिणीचा हात धरून बँकेच्या खिडकीशी जावं आणि ‘मी आहे’ असं ठणकावून सांगावं, अंगात दुखणं नसावं आणि जिभेची धार अशीच राहावी, ही माझी मनापासून इच्छा आहे.

तो संग्रह जिल्ह्यातल्या वाचनालयांत पोचला आहे, आणि प्रत्येक प्रतीत बाई मेलेल्या आहेत. या ग्रंथाच्या शेवटच्या पानाला मी एक चिठ्ठी जोडली आहे. तिच्यावर लिहिलं आहे, ‘मेहरुन्निसा सय्यद हयात आहेत. चूक माझी.’ खाली माझी सही आहे. ती चिठ्ठी काढून घ्या, उद्याच आपल्या गावच्या वाचनालयात जा, ग्रंथपालांना दाखवून संग्रहातलं ‘हजर’चं पान उघडा आणि त्या ‘कै.’वर ती चिकटवा.