उंच हँडल आणि आखूड केबल

आमच्या घरात गेली काही वर्षं एक गोष्ट सांगितली जाते. माझा धाकटा भाऊ रिटायर झाल्यावर हिरो व्हायला गेला, बिल्डिंगच्या गेटातच अ‍ॅक्सिलरेटर पिळला आणि बायकोला घेऊन आडवा झाला. लग्नाकार्यात कुणी ना कुणी ती काढतंच. सगळे हसतात, भाऊही हसतो. मीही हसत आलो. पण ती गोष्ट खरी नाही. खरं काय घडलं ते मला ठाऊक आहे, आणि माझं वय बघता ते आता लिहून ठेवलेलं बरं.

बोरिवलीला आम्ही दोघे भाऊ एकाच मजल्यावर समोरासमोर राहतो. मोटरसायकल दोघांत एक. ज्याला हवी त्याने न्यायची, दुसऱ्याला विचारायचंही नाही. दुरुस्तीचं खातं मात्र माझं. आमचे वडील गिरणीत फिटर होते, त्यांच्याकडून पाने धरायला शिकलो आणि त्याचा मला फार ताठा होता. रविवारी सकाळी जिन्याखाली गोणपाट अंथरून मी बसायचो. प्लग साफ कर, चेन ताण, ब्रेक जुळव. गॅरेजवाल्याचा हात मी गाडीला लागू दिला नाही.

त्या गाडीचं हँडल खाली होतं. चालवताना पुढे झुकावं लागे. साठी उलटल्यावर माझी कंबर बोलायला लागली, मनगटं सुजायला लागली. म्हणून मी कुर्ल्याच्या बाजारातून एक उंच, मागे वळलेलं हँडल आणलं आणि एका रविवारी बसवलं. पाठ सरळ, खांदे मोकळे, हात पोटाशी. खुर्चीत बसल्यासारखं वाटलं.

भाऊ खाली आला, गाडीभोवती एक फेरी मारली.

"दादा, ही काय म्हशीची शिंगं लावलीस?"

"कंबरेला आराम पडतो."

"आता पाठीला उशी आणि पुढ्यात तक्क्या ठेव. पानदान मी आणतो."

वॉचमनही हसला. मला ते लागलं. एवढीशी गोष्ट, पण लागलं.

त्याच दिवशी गाडी फिरवून आणताना माझ्या लक्षात आलं की हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की इंजिन आपोआप घुमतं. कारण सोपं होतं. हँडल वर गेलं, पण अ‍ॅक्सिलरेटरची केबल जुन्याच मापाची राहिली. पूर्ण वळवलं की ती ताणली जाई आणि मूठ न पिळताही गाडीला पेट्रोल मिळे. लांब केबल घालायला हवी होती. पुढच्या रविवारी घालू, असं मी ठरवलं. तोवर मला युक्ती सापडली होती. डावीकडे जाताना मोठा वळसा घ्यायचा, म्हणजे हँडल टोकाला जातच नाही.

ही युक्ती मी भावाला सांगायला हवी होती. नाही सांगितली. सांगितलं असतं तर तो पुन्हा म्हशीवर गेला असता. "बघ, आता म्हैस हंबरायलाही लागली," असंच काहीतरी. ते ऐकायची माझी तयारी नव्हती. विसरलो होतो, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगितलं. विसरलो नव्हतो. समोरच्या दारात तो चप्पल घालताना मला दिसला होता, किल्ली त्याच्या हातात होती, आणि मी पेपर वाचत राहिलो.

भाऊ आणि भावजय आठवड्यातून एकदा गाडीसकट होडीत बसून गोराईला जायचे. पलीकडे उतरून गावातून हिंडायचे, कोळणीकडून ताजी मासळी घ्यायचे, झाडाखाली बसून डबा खायचे. नोकरीत असताना त्याला कधी तिला कुठे नेता आलं नव्हतं. मी पेपर वाचत राहिलो त्या दिवशीही ती दोघं तिकडेच निघाली होती. आमचं गेट अरुंद आणि बाहेर पडताच डावीकडे वळण. त्याने नेहमीसारखं हँडल वळवलं, गाडी उसळली आणि समोरच्या भिंतीवर गेली. त्याला खरचटलं. भावजयीचं मनगट मोडलं.

हॉस्पिटलमध्ये, तिला आत नेल्यावर, तो बाकावर माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, "दादा, मी मूठ पिळलीच नव्हती रे."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "घाईत होतं असं. कळत नाही आपल्याला."

त्याने थोडा विचार केला. "असेल. पिळली असेन."

केबल विकत आणून घालायला मला दुसऱ्या दिवशी अर्धा तासही लागला नाही.

भावजयीचा हात जुळला, पण किंचित वाकडा. कणीक मळताना तिला अजून थांबावं लागतं. भावाने गाडी सोडली ती सोडलीच. गोराई बंद झाली. कुणी आग्रह केला तर म्हणायचा, "नको. माझ्या हातून एकदा हिचा हात मोडलाय." त्या दिवसांत मी त्यांच्याकडे रोज डबा नेत होतो, आणि सगळे म्हणत, भाऊ असावा तर असा.

परवा त्याच्या मुलीने मोटरसायकल घेतली. अंधेरीला ऑफिस, तेवढ्या अंतरात तिची मनगटं भरून येतात. उंच हँडल घेऊन ती माझ्याकडे आली. भाऊ आणि भावजय मागोमाग होती.

"तुझ्या काकांकडूनच बसवून घे," भाऊ म्हणाला. "त्यांचा हात सरळ आहे. माझं काय, मी भिंतीवर चढवणारा माणूस."

पोरगी हँडल उलटसुलट करून बघत होती. "काका, मी व्हिडिओत बघितलं. हँडल वर गेलं की केबल पण लांब लागते ना? नाहीतर वळवताना आपोआप रेस होते म्हणे. वाट लागते."

मला खोटं बोलता आलं असतं, नुसतं 'हो' म्हणून पुढेही जाता आलं असतं. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. म्हशीपासून पेपरापर्यंत.

मग भावाने विचारलं, "म्हणजे मी पिळली नव्हती."

"नाही."

"मी बोललो होतो तुला. तिथेच, बाकावर."

"हो."

तो भावजयीकडे वळला. "ऐकलंस ना गं? मी पिळली नव्हती." त्याचा आवाज एखाद्या शाळकरी मुलासारखा झाला होता. ती त्याच्याकडे बघून मान हलवत राहिली. मग माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "भाऊजी, हाताचं मला काही नाही. हात कसाही मोडतो. पण हे आठवडेच्या आठवडे झोपले नाहीत, आणि तुम्ही समोर राहत होतात."

आता तिचे गुडघे गेलेत, गाडीवर मागे बसणं व्हायचं नाही. गोराईच्या त्या फेऱ्या मला परत देता येणार नाहीत.

भाऊ काही दिवस बोलला नाही. मग एका सकाळी दार वाजवून उभा राहिला. "कपडे कर. मुलुंडला जायचंय."

मुलुंडला आमचा आतेभाऊ. ती गोष्ट सर्वांत रंगवून सांगतो तो हाच. त्याच्याकडे चहा आला, आणि भाऊ म्हणाला, "दादाला तुला काहीतरी सांगायचंय."

मी सुरुवात केली. "त्याचं असं झालं, गाडीची केबल जरा आखूड पडली होती..."

"असं नाही," भाऊ बशी खाली ठेवत म्हणाला. "तुला माहीत होतं. तिथून सांग."

आतेभाऊ हसू की नको अशा चेहऱ्याने आमच्याकडे बघत होता. मी तिथून सांगितलं. पुढच्या रविवारी घाटकोपरच्या मामेबहिणीकडे जायचं त्याने ठरवलंय.