वरून आलंय

खोक्यांच्या कारखान्यातल्या फोरमनला कामगार पोस्टमन म्हणायचे. खऱ्या पोस्टमनांच्या कानावर हे गेलं असतं तर त्यांनी मोर्चा काढला असता. सुट्टी रद्द झाली की हा येऊन सांगणार, "वरून आलंय." जादा पाळी लागली की तेच, "वरून आलंय." वर म्हणजे कोण, असं कोणी विचारलंच तर तो छताकडे बघायचा. तिथं पंख्याशिवाय काही नव्हतं.

माणूस घडलाच तसा होता. घडला कसला, घडायचंच त्यानं टाळलं होतं. लग्न ठरताना वडिलांनी विचारलं, "मुलगी पसंत आहे का रे?" हा म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं." शेजारच्या खोलीत मुलीनं ते ऐकलं. बावीस वर्षं झाली, ती ते विसरलेली नाही, आणि ह्याला अजून आपल्या आज्ञाधारकपणाचं कौतुक. मुलांची नावं त्याच्या बहिणीनं ठेवली. शर्टाचा रंग दुकानदार ठरवायचा. वर साळसूद चेहऱ्यानं हा सगळ्यांना ऐकवायचा, "आपण साधी माणसं. आपल्या हातात काय असतं?"

एका सकाळी मॅनेजर पुठ्ठा कापायच्या मशीनपाशी आला. बाहेर ट्रक खोळंबला होता. त्यानं घड्याळ बघितलं, पात्यापुढची लोखंडी जाळी बघितली, "फार वेळ खाते नाही ही?" एवढं म्हणाला आणि गेला. काढ म्हणाला नाही, ठेव म्हणाला नाही. पोस्टमनला मात्र न लिहिलेलं पत्रही वाचता यायचं. त्यानं खिशातून पाना काढला, चार बोल्ट सोडवले, जाळी भिंतीला टेकवली आणि मशीनवरच्या कामगाराला सांगितलं, "वरून आलंय. चालव." हा कामगार त्याचा सख्खा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. तिसऱ्या दिवशी त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं पात्याखाली गेली.

चौकशी लागली. जाळी कोणी काढली, एवढंच ठरायचं होतं. कामगारानं स्वतःच काढली असं निघालं तर त्याची नोकरीही जाणार आणि भरपाईही. चौकशीच्या आदल्या संध्याकाळी बायकोनं नवऱ्याला जेवायला वाढलं आणि समोर बसून राहिली.

"उद्या काय सांगणार आहात?"

"मी काय सांगणार? विचारतील त्याचं उत्तर देईन."

"जाळी कोणी काढली, हेच विचारतील."

"अगं, तेव्हा परिस्थितीच तशी होती."

"परिस्थितीच्या खिशात पाना होता का?"

त्यानं भाजी मागितली. असल्या माणसाला भूक मात्र वेळेवर लागते, याची मला चीड येते.

चौकशीच्या खोलीत एक टेबल, पाच खुर्च्या आणि चौकशी करणाऱ्या बाई. मॅनेजर खिडकीशी बसला होता. मेहुणा पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बसला होता. बाईंनी त्याला आधी विचारलं.

"जाळी नाही हे मला दिसत होतं," तो म्हणाला. "नको म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. तेवढं माझ्या नावावर लिहा. काढली कोणी, ते भावजी सांगतील."

बाई पोस्टमनकडे वळल्या. त्यानं घसा साफ केला.

"मी बहुतेक तेव्हा तिथं नव्हतो."

"बहुतेक?"

"नव्हतो."

"जाळी निघाली त्या दिवशी मशीनपाशी हजर असलेल्यांच्या यादीत तुमचं नाव आहे. ते खोडलं तर तिथं हा एकटाच उरतो. मग जाळी यानंच काढली असं होईल. कळतंय ना?"

"तुम्हाला योग्य वाटेल तसं करा, मॅडम."

"मला काय वाटतं ते राहू द्या," असं म्हणून बाईंनी यादी आणि पेन त्याच्यापुढे सरकवलं. "तुमचं नाव आहे. खोडायचं तर तुम्ही खोडा."

पोस्टमननं मॅनेजरकडे बघितलं. मॅनेजरला खिडकीबाहेर एकाएकी काहीतरी महत्त्वाचं दिसलं होतं. मग पोस्टमन बाईंकडे बघत राहिला, नुसती मान हलली तरी पुरे होती, पण त्यांनी ती हलवली नाही. कपाळावर घाम आला. खोलीत चार माणसं होती आणि एकही माणूस त्याच्यासाठी काही ठरवायला तयार नव्हता. केवढा हा अन्याय! गड्याला रडूच यायचं बाकी होतं.

शेवटी त्यानं पेन उचललं. टेबलावर रेघा आखायची पट्टी होती, ती नावावर ठेवली आणि नीट, सरळ रेघ मारली.

मेहुणा पुढे वाकला. रागावलासुद्धा नाही तो.

"भावजी, अजून वाचता येतंय."

पोस्टमननं पुन्हा खोडलं.