कोच, कबड्डी आणि माझा गुडघा

आमच्या सिंगापुरातल्या मरीन परेडच्या मंडळींत दोघं भेटले की विषय कोचवर येतोच. नव्वदच्या दशकातल्या त्या काही वर्षांत या माणसाने इतके किस्से करून ठेवलेत की बायका म्हणतात, "तुम्ही देवाचं नाव कमी आणि कोचचं जास्त घेता." घेतो. मला तर तसं कारणही आहे.

कोच अमेरिकन. तरुणपणी कॉलेजात कुस्ती गाजवली, मग गुडघा गेला म्हणून फुटबॉल शिकवायला लागला. त्यांचा फुटबॉल, चेंडू काखेत मारून समोरच्याच्या अंगावर जायचा. सिंगापुरात एका परदेशी शाळेत नोकरी आणि घर आमच्याच कॉन्डोत, म्हणजे आमच्याच इमारतीत.

*

रविवारी आम्ही जहाजावरचे इंजिनियर ईस्ट कोस्टच्या हिरवळीवर कबड्डी खेळायचो. "ही तर कुस्तीच," म्हणत कोच पहिल्यांदा उतरला. आमचा मालवणचा साळवी चढाईला गेला. कोचने त्याला उचलून आडवा केला, दोन्ही खांदे जमिनीला टेकवले आणि विजयी मुद्रेने सगळ्यांकडे बघत बसला. खालून साळवीने दम न सोडता हात लांबवून मधली रेघ शिवली.

कोच बाद! "पण त्याचे खांदे टेकलेत," कोच कळवळून म्हणाला.

"टेकू देत," साळवी म्हणाला. "मी घरी पोचलो."

*

गणपतीच्या जेवणाला वाढणारे एकमेकांवर आदळत होते. एका पंगतीला कोशिंबीर दोनदा, वरण कुणालाच नाही. कोचने सगळ्यांना कोपऱ्यात ओढलं, खांद्यांवर हात टाकून गोल केला आणि पेपर नॅपकिनवर फुटबॉलचा डाव आखतात तशा फुल्या नि गोळे काढून कुणी कुठून शिरायचं ते ठरवून दिलं. भात गार व्हायच्या आत वरण सगळ्यांना पोचलं.

माझी बायको मेधा अजूनही पाहुणे आले की आम्हाला ओट्यापाशी गोल करून उभं करते. मुलगी सिंगापुरी थाटात वैतागते, "आई, चारच जण आहेत, लाह."

*

मग मी, जहाजाचा चीफ इंजिनियर, इंजिनरूमच्या शिडीवरून पडलो. गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मेडिकल पास झालो तरच पुन्हा जहाज, नाहीतर जन्मभर ऑफिसात फायली. मी पलंगावर पडून छताकडे बघायचो.

कोच आला. "माझा गेला तेव्हा मी घरात बसून राहिलो, चीफ. तू बसायचं नाहीस."

रोज सकाळी तो मला कॉन्डोचा जिना चढवायचा. मी मराठीत शिव्या द्यायचो. काही महिन्यांनी त्या तोही द्यायला लागला, अगदी योग्य जागी.

सख्ख्या भावाने केलं नसतं एवढं त्याने केलं. हे मी एकदा त्याच्या तोंडावर म्हणालो, तर म्हणतो, "बोलू नकोस, अजून तीन मजले आहेत."

*

मेडिकलच्या आदल्या दिवशी रविवार होता. कोच दुसऱ्या बाजूला. तिथूनच म्हणाला, "आज चढाईला चीफला पाठवा."

मी गेलो तर समोरचे सगळे बाजूला झाले. साळवी ओरडला, "त्याचा गुडघा सांभाळा रे." कुणी मला हात लावेना. बागेत फिरल्यासारखा फिरून मी परत वळलो, तेवढ्यात कोचने मागून झेप घेतली आणि नेमका तोच गुडघा दोन्ही हातांनी धरला.

"कोच, सोड!" सगळेच ओरडायला लागले. मेधा चटईवरून उठून धावत आली. त्याने सोडला नाही. रेघ चार हातांवर होती. "कबड्डी, कबड्डी" म्हणत मी त्याच पायाने रेटा दिला, पुन्हा दिला, आणि त्या अवाढव्य माणसाला फरफटत नेऊन रेघ ओलांडली.

कोच उठला, अंगावरचं गवत झटकलं आणि मेधाकडे वळून म्हणाला, "मेडिकल झाली, वहिनी. बॅग भरा."