सोळा खुणा

नोकरी सोडून तीन वर्षे झाली. मुदतीच्या चार वर्षे आधी मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि निघताना पोलीस ठाण्यातला एकही कागद घरी आणला नाही. एक पान मात्र माझ्याकडे आहे. ते सरकारी नाही, माझ्या खासगी वहीतले आहे. त्यावर एकाखाली एक सोळा ओळी आहेत. कपाट आवरताना ते हाताला लागले की मी तिथेच खाली बसतो आणि सगळे प्रकरण पहिल्यापासून आठवते. संबंधित माणसे आजही पनवेल परिसरात राहतात, म्हणून कुणाचेही नाव लिहीत नाही.

मी तेव्हा उपनिरीक्षक होतो आणि ठाण्याच्या गोपनीय शाखेचे काम माझ्याकडे होते. ऐकायला मोठे वाटते. प्रत्यक्षात एक खोली, दोन टेबले, एक संगणक आणि पासपोर्टपासून भाडेकरूंपर्यंत सगळ्यांच्या चारित्र्य पडताळणीचे गठ्ठे. सोबतीला एक हवालदार. ते न्हावा शेव्याच्या रस्त्यावरच्या एका गावचे. त्यांची भातशेती होती तिथे आता कंटेनर रचलेले असतात. गावच्या भजनात ते पखवाज वाजवत, आणि कामाच्या वेळी टेबलावर बोटे वाजवण्याची त्यांना खोड होती. त्यावरून मी त्यांना वर्षातून निदान दहा वेळा टोकले असेन.

नवीन पनवेलच्या एका शाळेने पाच जणांची यादी पाठवली. गायन, तबला, बासरी, गिटार आणि कीबोर्ड शिकवणारे हे पाचही जण खासगी शिक्षक, तासिकेवर येणारे. कायम नोकरीत नसल्यामुळे त्यांची पडताळणी आजवर कुणी केलीच नव्हती. पालकांनी प्रश्न विचारले आणि मुख्याध्यापिकाबाईंनी ठरवले की महिनाअखेरपर्यंत ज्याचा अहवाल स्वच्छ येणार नाही, त्याने शाळेत येऊ नये. मला तो निर्णय तेव्हाही योग्य वाटला, आजही वाटतो. मुले रोज ज्यांच्या हवाली होतात, त्यांची चौकशी झालीच पाहिजे.

पाचही जणांची नावे संगणकावर तपासली. एकाच्याही नावावर गुन्हा नव्हता. मी अहवाल लिहायला घेतले आणि तिसऱ्या दिवशी टपालात एक निनावी अर्ज आला. छापील, चार ओळींचा. गायनाची शिक्षिका एक शनिवार सोडून एका शनिवारी कारागृहात एका खुनी बाईला भेटते, टोकन घेऊन भिंतीकडच्या बाकावर बसते, दोघी बोटांनी गुप्त खुणा करतात, मुलांच्या जिवाचा विचार करा. अर्जाला आवक क्रमांक टाकला आणि त्या शिक्षिकेला दुपारी बारा वाजता ठाण्यात बोलावले.

ती चोवीस वर्षांची होती. महिला अंमलदार शेजारी बसवून मी विचारपूस केली. शाळेच्या माहितीपत्रकात तिने गुरू म्हणून पेणच्या एका बुवांचे नाव लिहिले होते. तेच नाव तिने पुन्हा सांगितले. कारागृहात कुणाला भेटता, यावर म्हणाली, मावशीला. आईची सख्खी बहीण का, तर हो म्हणाली. आवाज शांत होता.

ती गेल्यावर हवालदार म्हणाले, "सायेब, पोरगी खोटं बोलते."

"कशावरून?"

"गुरूचं नाव घेतलं, पन हात कानाला गेला नाय. गानारा मानूस गुरूचं नाव घेताना कानाची पाळी धरतो. ठरवून नाय, आपोआप जातो हात. आमचे बुवांचं नाव मी तुमच्यासमोर किती येला घेतलं, बघा आठवून."

मला आठवले. प्रत्येक वेळी त्यांचा हात कानाला गेला होता आणि मला वाटायचे, यांचा कान दुखतो.

कानावरून अहवाल लिहिता येत नाही, म्हणून मी कागदांकडे वळलो. तिच्या गावच्या पोलीस पाटलांकडून कळले की तिच्या आईला बहीणच नाही. पेणचे बुवा तिच्या जन्माच्या आधीच वारले होते. म्हणजे दोन गोष्टी विचारल्या आणि दोन्ही खोट्या निघाल्या. कारागृहाच्या भेट नोंदवहीचा उतारा मागवला. पावणेतीन वर्षांत एकाहत्तर पंधरवडे झाले होते. तिच्या भेटी एकोणसत्तर. नात्याच्या रकान्यात प्रत्येक वेळी एकच शब्द होता: भाची. जिला ती भेटत होती ती स्त्री नवऱ्याच्या खुनात जन्मठेप भोगत होती, नऊ वर्षांपासून. रक्ताचे माणूससुद्धा इतक्या नेमाने येत नाही. माझा संशय त्या आकड्याने पक्का केला.

पुढच्या शनिवारी परवानगी घेऊन मी साध्या कपड्यांत कारागृहात गेलो. भेटीच्या खोलीत काचेच्या आठ खिडक्या होत्या, बोलण्यासाठी खाली जाळी, आणि आठ घरांचा एकदम गलबला. कुणाचे बोलणे शेजारच्याला कळणे शक्य नव्हते. काचेपलीकडे पन्नाशीच्या, केस पिकलेल्या बाई येऊन बसल्या. पहिली दोन मिनिटे बोलणे झाले. मग बोलणे थांबले. बाईंचे ओठ हलत होते, आणि दोघींचे उजवे हात एकाच वेळी हलू लागले.

मी वही काढली आणि दिसेल ते लिहीत गेलो. एक, हात कट्ट्यावर आपटला. दोन, अंगठा करंगळीला. तीन, अनामिकेला. चार, मधल्या बोटाला. पाच, पुन्हा हात कट्ट्यावर. असे चार-चारचे चार गट. फक्त नवव्या ठिकाणी हात आपटला नाही, तळवा वळवून हवेत सोडला. सोळा खुणा संपल्या की पुन्हा पहिल्यापासून. चार मिनिटांत हे अकरा वेळा झाले. शेजारी उभ्या असलेल्या महिला रक्षक हळूच म्हणाल्या, "आम्हालाही संशय होताच साहेब, पण पुरावा काय देणार?"

परतीच्या वाटेवर मला उलगडा झाला, असे मला वाटले. चार-चारच्या गटांत सोळा. डेबिट कार्डाचा क्रमांक असाच असतो. कुणाचे तरी कार्ड आतून बाहेर, नाहीतर बाहेरून आत सांगितले जात होते. सोमवारी सकाळी मी सायबर शाखेला पत्राचा मसुदा लिहिला, सोळा ओळींची नक्कल सोबत जोडली आणि जावक क्रमांक घालायला हवालदारांकडे दिला.

हवालदारांनी पत्र वाचले. पुन्हा वाचले. मग चष्मा काढून त्यांनी टेबलावर हात आपटला आणि बोटे मोजायला सुरुवात केली. नवव्याला तळवा हवेत गेला.

"सायेब, ह्ये सायबरला पाठवू नका. हसतील."

"का?"

"यो तीनताल हाय. सोळा मात्रा. आमचे गावान पोरांना पयला हाच मोजायला लावतान. तुमी नवव्याला 'तळवा हवेत सोडला' लिवलंय ना, ती खाली. तिथं टाळी द्यायची नाय. रिकामी सोडायची, पन मोजायची."

मी वही उघडून त्या सोळा ओळी पुन्हा मोजल्या. मग ते म्हणाले, "तालीम चाललीय त्या दोघींची. गलबल्यात आवाज पोचत नसंल, मंग हातानं धरतान." पत्र मी फाडले. सोळा ओळींचे पान वहीत राहिले. वर्षानुवर्षे ज्या बोटांवरून मी त्यांना टोकत होतो, त्याच बोटांनी माझी चूक थांबवली होती. तसे मी त्यांना बोलूनही दाखवले. ते म्हणाले, "असू द्या. चहा सांगा."

शिक्षिकेला दुसऱ्यांदा बोलावले तेव्हा मी प्रश्न विचारला नाही. काचेपलीकडच्या त्या बाईंचे नाव फक्त उच्चारले. तिचा हात कानाकडे गेला. हवालदारांनी माझ्याकडे पाहिले नाही, खिडकीबाहेर पाहिले.

मग तिने सगळे सांगितले. पेणजवळच्या गावात त्या बाई तिच्या शेजारी राहायच्या. आठव्या वर्षापासून तिला त्यांनी गाणे शिकवले, काही न घेता. ती पंधरा वर्षांची असताना ते घडले आणि बाईंना अटक झाली. घरच्यांनी त्या घराचे नाव काढायलाही बंदी केली. पदवी झाली, पनवेलला राहायला आली आणि तिने त्यांना शोधून काढले.

"एक राग अर्धा शिकवून बाई गेल्या," ती म्हणाली. "मला वाटलं, उरलेला विचारून यावं."

दुसऱ्या कुणाकडे शिकता आले नसते का, मी विचारले.

"आलं असतं. पण मग मी त्यांची झाले असते, बाईंची नाही."

कारागृहात नातेवाइकांनाच सोडतात असे तिला कुणीतरी सांगितले होते, म्हणून भाची लिहिले. शाळेत बाईंचे नाव लिहिले तर काम जाईल, म्हणून बुवांचे लिहिले. काम जाण्याची भीती तिला स्वतःसाठी नव्हती. दर भेटीत पहिली दोन मिनिटे बाई तिला एकच विचारत, मुलांनी गाणे उचलले का. "शाळा सुटली, तर त्यांना सांगायला माझ्याकडे काय राहील, सर?"

मी मनाशी हिशेब केला. एकोणसत्तर भेटी, प्रत्येकी वीस मिनिटे. म्हणजे एक हजार तीनशे ऐंशी मिनिटे, तेवीस तास. पावणेतीन वर्षांत तेवीस तास शिकून ही मुलगी एका शाळेला गाणे शिकवत होती. न चुकलेल्या एकोणसत्तर भेटींनी मला संशय आला होता. आता चुकलेल्या दोन भेटींचे कारण विचारावेसे वाटले. दोन्ही वेळा शाळेची स्पर्धा होती, आणि बाईंनीच येऊ नको म्हणून सांगितले होते.

तरीही दोन ठिकाणी खोटे लिहिले गेले होते आणि ते तसेच सोडणे मला जमणारे नव्हते. कारागृहाच्या अधीक्षकांना विचारले. कैद्याने नाव नोंदवून दिले असेल तर नात्याबाहेरच्या व्यक्तीलाही भेट मिळते, असे त्यांनी सांगितले. म्हणजे दोघींनी पावणेतीन वर्षे जे खोटे सांभाळले, त्याची गरजच नव्हती. नियम न वाचल्याने लोक जितके खोटे बोलतात, तितके लबाडीने बोलत नाहीत, हे मी नोकरीत अनेकदा पाहिले आहे. तिने रीतसर अर्ज दिला, माफी मागितली, आणि नात्याच्या रकान्यात शब्द बदलला: शिष्या.

शाळेचे काम मात्र तिचे तिलाच करावे लागणार होते. तिच्या विनंतीवरून मी सोबत गेलो आणि गप्प बसलो. मुख्याध्यापिकाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग मला विचारले, "गुन्हा खरा आहे का?"

"न्यायालयाने सिद्ध मानला आहे. तो त्यांचा आहे, हिचा नाही. हिच्या नावावर काही नाही."

"आणि तुमची मुलगी असती तर?"

"या वर्गात बसवली असती."

त्यांनी टेबलावरचे माहितीपत्रक उचलून पुन्हा वाचले. मग त्यांनी ते तिच्यापुढे सरकवले आणि गुरूचे नाव खोडून खरे लिहायला सांगितले. तिने लिहिले. त्यांनी बाजूला सही केली आणि विचारले, "संमेलनात कोणतं गाणं बसवताय?"

इथे प्रकरण संपले असते, पण निनावी अर्ज माझ्या मनातून जात नव्हता. टोकन आणि भिंतीकडचा बाक बाहेरच्या माणसाला दिसत नाही. मोबाईल जमा करून, अंगझडती देऊन आत गेल्यावरच तो दिसतो. जो तिला तिथे बसलेली पाहतो, तो स्वतःही टोकन घेऊन बसलेला असतो. नोंदवहीचा उतारा पुन्हा काढला आणि यावेळी तिचे नाव सोडून बाकीची वाचली. यादीतल्या पाचांपैकी कीबोर्डच्या शिक्षकाचे नाव तिथे चौदा वेळा होते. त्याचे वडील बंदरावर ट्रेलर चालवायचे. दारू पिऊन केलेल्या अपघातात दोन माणसे गेली होती आणि ते शिक्षा भोगत होते.

मी त्याला ठाण्यात बोलावले नाही. शाळा सुटल्यावर समोरच्या टपरीवर गाठले आणि दोन चहा सांगितले. अर्ज कुणी लिहिला, हे विचारले नाही. विचारले, "वडील कसे आहेत?"

चहा न पिता त्याने कप बाकावर ठेवला. मग म्हणाला, "वाटलं, तुम्ही तिच्याकडे बघत राहिलात तर माझ्याकडे बघणार नाही."

मी त्याला सांगितले की त्याचा अहवाल तिच्याही आधी स्वच्छ लिहून झाला होता. माहितीपत्रकाच्या चौदा रकान्यांत बापाच्या गुन्ह्याचा रकाना नाही. अर्ज दप्तरी दाखल केला आणि त्याचे नाव कुठेही लिहिले नाही. तिला मात्र त्यानेच सांगितले, असे मला नंतर कळले. तिने काय उत्तर दिले ते मला माहीत नाही. पुढच्या शनिवारी दोघे एकाच स्कूटरवरून कारागृहाच्या फाटकाशी आले, एवढे त्या महिला रक्षकांनी फोनवर सांगितले.

पार्श्वभूमी तपासणे हे माझे अनेक वर्षांचे काम होते. माणसाने काय केले हे मी तपासत आलो. तो कुणाचा आहे आणि कुणासाठी धडपडतो, हे कोणत्याच रकान्यात येत नाही, आणि नेमके तेच लपवण्यासाठी लोक खोटे बोलतात. या प्रकरणानंतर खोटे सापडले की मी लगेच कलम शोधत नसे. आधी हे कुणाला सांभाळते आहे, ते शोधत असे. प्रत्येक वेळी उत्तर असे चांगले निघाले नाही, हेही नमूद करतो.

संमेलनाला मी आणि हवालदार पाचव्या रांगेत बसलो होतो. चौतीस मुले उभी राहिली. ती पेटीवर होती, कीबोर्डवाला तिच्या डाव्या हाताला. मुले गात होती आणि शिकवल्याप्रमाणे उजव्या हाताने मात्रा मोजत होती. मीही मोजू लागलो. करंगळी, अनामिका, मधले बोट. नवव्या मात्रेला चौतीस तळवे एकदम वळून हवेत सुटले. हवालदारांनी माझ्याकडे पाहिले तेव्हा माझाही तळवा हवेत होता.