सहा टेबलं आणि एक पडदा

समस्त आप्तेष्टांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते, की आमच्या वहिनींनी मॉनिटर निवडला आहे.

वहिनी ऑनलाइन पोकर खेळतात. पैसे न लावता, पण एका वेळी सहा टेबलांवर. जुन्या पडद्यावर टेबलं एकमेकांवर चढायची, आणि झाकलेल्या टेबलावरचा डाव हातचा जायचा. म्हणून दुकानात नव्या मॉनिटरवर त्यांनी सहाही टेबलं उघडून पाहिली. रिझोल्यूशन वाढवलं की सगळी मावत, पण पत्ते मोहरीएवढे दिसत. कमी केलं की पत्ते ठसठशीत, पण दोन टेबलं बाहेर.

“काकू, चारांवर भागवा की,” दुकानदार म्हणाला.

“गच्ची लहान म्हणून कुणी पापड कमी लाटतं का?” वहिनींनी मधलं रिझोल्यूशन लावलं आणि पापड वाळत घालावेत तशी टेबलं कडेला कड लावून मांडली. पत्तेही वाचता येत होते.

मी बघतच राहिलो. माझ्या डोळ्यांसमोर एका वेळी एक काम धड राहत नाही. ही बाई सहा डाव मांडून बसली होती, आणि कुठे आपली पाळी आली ते तिला आपसूक कळत होतं. लक्ष इतकं ऐसपैस असू शकतं, हे मला नवीन होतं.

शेजारी पिशवी धरून उभा असलेला दादा तेवढ्यात बोलून गेला, “एवढं सगळं दिसतं तुला, मग सकाळपासून मी नवा शर्ट घातलाय तो कसा दिसला नाही?”