आढीतला रंग

आमचे बाबा जयपूरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे आणि घरी आल्यावरही शिकवायचे थांबत नसत. डाळिंब लाल का, वांगं जांभळं का, काहीही विचारा, उत्तर सूर्यापाशी जाऊन पोचायचं. आईला कुणी विचारत नसे. ती रत्नागिरीची, चौथी शिकलेली. तिला पुढे शिकायचं होतं, हे बाबांना लग्नापासून ठाऊक होतं. सावकाश बघू, म्हणत त्यांनी दहा वर्षं काढली होती.

साठ साल अजून उजाडायचं होतं. मे महिन्यात मामाने रेल्वेने हापूसची पेटी पाठवली. आंबे हिरवेगार. हे पिवळे कसे होणार, असं मी विचारलं मात्र, बाबा खुर्चीत सरसावून बसले. ऊन फळात रंग भरतं, म्हणाले.

आई पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता तिने विचारलं, "मग आमच्याकडे अंधाऱ्या खोलीत आढी घालतात, तिथे कोण रंग भरतं?"

बाबा हसले. त्यांचं ते हसणं मला आजही आवडत नाही. हे शास्त्र आहे, स्वयंपाक नव्हे, असं काहीसं ते बोलले. आईने हात पुसले आणि पैज लावली. सहा आंबे बाबांनी गच्चीवर उन्हात ठेवायचे, सहा ती पलंगाखाली पेंढ्यात घालणार.

"मी जिंकले तर मला मॅट्रिकला बसवायचं. अभ्यास या जूनपासून."

बाबांनी ऐटीत कबूल केलं. मी बाबांची लाडकी, पण फितूर होऊन आईच्या पक्षात गेले. बाबा सकाळ-संध्याकाळ गच्चीवर जाऊन आंबे फिरवत, सगळ्या बाजूंना सारखं ऊन लागावं म्हणून. आम्ही राहायचो त्या बनी पार्कातली लू, म्हणजे उन्हाळ्यातला तापलेला वारा, कुणाची भीड ठेवत नसे. आंबे सुरकुतले, त्यांच्यावर तपकिरी डाग पडले. इकडे पलंगाखालून घमघमाट सुटला. बाबा त्याच पलंगावर झोपत, त्यामुळे निकाल त्यांच्या नाकाला दोन दिवस आधीच कळला असणार.

आठव्या दिवशी आईने पेंढा बाजूला केला. सहाही आंबे पिवळेधमक. बाबा तडक वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्याकडे गेले आणि परत येऊन आईला समजावू लागले, की पिवळा रंग सालीत आधीपासूनच असतो, पिकताना वरचा हिरवा विरून जातो, त्यासाठी उन्हाची गरज नसते.

"बरं," आई म्हणाली. "पैजेचं काय?"

जूनमध्ये चारदीवारीतल्या, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातल्या बाजारातून जुनी पुस्तकं आली. बाबा रोज संध्याकाळी तिला शिकवू लागले. पाच वर्षं लागली. गणिताने एकदा दगा दिला.

दुसऱ्या खेपेच्या निकालाला बाबा पहाटेच स्टेशनवर जाऊन वर्तमानपत्र घेऊन आले. तिचा नंबर त्यांनी पेन्सिलीने अधोरेखित केला होता. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "तू पास झालीस. माझं चुकलं गं. तुझी दहा वर्षं मी उगाच घालवली."

मला रडू आलं. आईने मात्र पेपर हातात घेऊन आपला नंबर दोनदा वाचला आणि विचारलं, "इंटरचे फॉर्म कधी निघतात?"